गाडीचे डोळे

किशनराव बोलून गेले, बोरीची एस.टी. धरून निघूनही गेले, आणि बन्सीधर मोंढ्याच्या फाटकापाशी आपल्याच ट्रककडे तोंड करून उभा राहिला. किशनराव म्हणजे त्याच्या बायकोचे चुलते. परभणीला बाजाराला आले होते, जावयाची गाडी उभी दिसली म्हणून थांबले, धोतराचा सोगा सावरत गाडीभोवती एक चक्कर मारली आणि समोर येऊन हसले. "पाव्हणं, हौस असावी तर अशी," ते म्हणाले. "आमच्या कस्तुराचेच डोळे काढून घेतलेत की गाडीवर. तीळसुदिक जिथल्या तिथं हाय." त्यात टोमणा नव्हता, कुचेष्टा नव्हती, म्हाताऱ्या माणसानं मोकळ्या मनानं केलेलं कौतुक होतं. बन्सीधरही हसला, चहाचं विचारलं, त्यांची पिशवी एस.टी.पर्यंत नेऊन दिली. परत आला तर पाय पुढं जाईनात. गाडीच्या काचेखाली, जाळीच्या वर, दोन बाजूंना दोन डोळे होते. सगळ्याच ट्रकांना असतात. कोणी दृष्ट लागू नये म्हणून काढून घेतं, कोणी दुसऱ्यानं काढले म्हणून. हे डोळे लांबट होते, वरच्या पापण्या जराशा जड, कडा खाली उतरलेल्या. रस्त्यावर काहीतरी सांडलंय आणि गोळा करायचं राहून गेलंय अशी त्यांची नजर. क्लीनरच्या बाजूच्या डोळ्याखाली एक काळा ठिपका होता. तीन वर्षं बन्सीधर त्याला रंगाचा ओघळ समजत आला होता. गाडी रंगली त्या महिन्यात त्यानं तो नखानं खरवडूनही पाहिला होता, निघाला नाही तेव्हा राहू दिला होता.

जिंतूर रोडनं घराकडे येताना त्यानं कस्तुराचे डोळे आठवून पाहिले. अकरा वर्षांचा संसार होता, सात वर्षांची पोरगी होती, म्हणजे हे काही अवघड काम नव्हतं. पण आठवायला बसला की भलतंच पुढं यायचं. भाकरी थापताना हलणारी तिची पाठ यायची. खिडकीतून डबा देणारा हात यायचा, त्यातल्या हिरव्या बांगड्यांसकट. पहाटे न्हाणीत ती कशी खोकते ते त्याला ठाऊक होतं, पायातली जोडवी कोणत्या बोटात सैल झालीत तेही ठाऊक होतं. डोळे येत नव्हते. फारच जोर केला तेव्हा आले ते गाडीचे आले, वीतभर लांब, ऑइलपेंटचे. घरी पोचला तेव्हा कस्तुरा स्टोव्हला पिन करत बसली होती. तो दारातच उभा राहिला. तिनं मान वर केली, आणि डाव्या डोळ्याखाली, म्हणजे क्लीनरच्या बाजूला, तीळ होता. तांदळाच्या कणीएवढा. बायकोच्या तोंडावरची बाजू आपण गाडीच्या हिशोबानं ओळखली हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

"काय बगायलाव?" कस्तुरा म्हणाली.

"काय न्हाई. डोळ्यात केर गेल्यासारखा वाटला."

"कुनाच्या?"

"माझ्या," तो म्हणाला आणि हातपाय धुवायला मागं गेला.

तेवढ्यावर मिटलं असतं तर बरं होतं. पण मत्सर ही मोठी उद्योगी चीज आहे. ती रिकामी बसत नाही. तीन वर्षांपूर्वीचे आठ दिवस बन्सीधरच्या डोक्यात कुठल्यातरी कोपऱ्यात पडून होते, ते तिनं एकेक करून बाहेर काढले, झटकले आणि त्याच्यापुढं मांडले. गाडी तेव्हा नवीच घेतलेली, म्हणजे जुनीच पण त्याच्या नावावर नवी. रंगवायला स्टेशनजवळचा सिताराम पेंटर बोलावला. गाडी घराच्या अंगणात लिंबाखाली उभी केली, कारण सितारामचं दुकान एवढंसं आणि बन्सीधरचं अंगण मोठं. सिताराम सडपातळ, बोटांच्या पेरांत कायम पांढरा रंग, बोलताना माणसाच्या तोंडाकडे न बघणारा. बघायचा तेव्हा मात्र एक डोळा मिटून बघायचा. पाचव्या की सहाव्या दिवशी त्यानं विचारलं होतं, "बन्सीभाऊ, डोळे कसे काढू?" बन्सीधर तेव्हा घाईत होता, आर.टी.ओ.चं काम होतं. तो म्हणाला होता, "काढ कसेबी. बाईचे काढ. लांबून दिसले पायजेत." हे वाक्य त्याला आता शब्दन् शब्द आठवलं. आपणच म्हणालो होतो, बाईचे काढ. आणि सबंध अंगणात बाई एकच होती, आई धरली तर दोन.

आई, बायनाबाई, तेव्हा जिवंत होती. तिनं सितारामसाठी एक कान तुटलेला कप लिंबाच्या बुंध्याशी पालथा घालून ठेवला होता; चहा वरून ओतायचा आणि कप त्यानंच विसळायचा. सितारामनं दोन दिवस विसळला. तिसऱ्या दिवशी आई देवळात गेली असताना कस्तुरानं घरातल्या कपबशीत चहा नेऊन दिला. बन्सीधरनं ते पाहिलं होतं. तेव्हा त्याला ते आवडलं होतं, आपली बायको चांगली आहे असं वाटलं होतं, क्षणभर स्वतःचाही अभिमान वाटला होता. आता तीच कपबशी निराळी दिसायला लागली. ती किती वेळ उभी होती तिथं? कप परत घ्यायला स्वतः का थांबली? सितारामनं चहा पिताना मान वर केली असेल, एक डोळा मिटला असेल. यापलीकडं काही झालं नव्हतं हे बन्सीधरला पक्कं ठाऊक होतं. कस्तुराला तो ओळखत होता, सितारामलाही. आणि हेच तर खुपत होतं. काही झालं असतं तर भांडता आलं असतं. एका माणसानं आठ दिवस नुसतं बघितलं होतं, आणि आठ दिवसांत त्याला जे मिळालं ते आपल्याला अकरा वर्षांत मिळालं नव्हतं. त्याबद्दल कोणाची गचांडी धरायची?

दुसरी पंचाईत म्हणजे सिताराम सगळ्या गावात पसरलेला होता. बन्सीधरला हे आधी कधी जाणवलं नव्हतं. आता गाडी घेऊन निघाला की जिकडं तिकडं त्याचाच हात. सायकल दुकानाची पाटी त्याची, डेंटिस्टचे दात त्याचे, स्टेशनच्या भिंतीवरचं 'नामांतर झालेच पाहिजे' त्याचं. तो र खाली एक छोटीशी शेपटी ओढायचा आणि ती प्रत्येक भिंतीवर वळवळत होती. एके दुपारी बन्सीधर काही काम नसताना साड्यांच्या दुकानापुढं थांबला. पाटीवर पदर घेतलेली बाई होती. रस्त्याच्या मधोमध उभा राहून त्यानं तिचे डोळे न्याहाळले. ते गोल होते, बाहुलीसारखे. लेडीज टेलरच्या पाटीवरचे बघितले, तेही गोल. त्याला हायसं वाटलं, आणि चार पावलं पुढं गेल्यावर एकदम वाईट वाटलं. म्हणजे सिताराम सगळ्या बायांना सारखेच डोळे काढतो. फक्त एकदाच त्यानं बघून काढले.

तो दुकानावरही गेला. काय विचारायचं ते ठरवून गेला होता. सिताराम जमिनीवर उकिडवा बसून एका दवाखान्याच्या पाटीवर लाल क्रॉस भरत होता. "या भाऊ. गाडी कशी हाय?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"हाय बरी."

"डोळे निघायला लागले का? तीन वर्सं झाली की. आणा एकदा, परत हात मारून देतो. पैशाचं काय न्हाई."

परत हात मारून देतो. म्हणजे परत अंगणात येणार, परत एक डोळा मिटून बघणार. की आता बघायची गरजही नाही, पाठच झालेत? "न्हाई," बन्सीधर म्हणाला, "मी दुसरंच करायलोय. आता रंगाचा जमाना गेला. हैदराबादच्या बसगाड्या बगितल्यास का? स्टिकर लावतेत वरून पूर्ण. चकाचक."

सितारामचा ब्रश थांबला. तो पहिल्यांदाच सरळ, दोन्ही डोळ्यांनी बन्सीधरकडे बघत म्हणाला, "बगितलंय. आमच्या धंद्याचं वाटोळं हाय त्ये. पण दिसतं झ्याक." मग पुन्हा क्रॉसकडे वळला. बन्सीधरनं ते वाक्य तोंडाला येईल ते म्हणून टाकलं होतं, पण दुकानाबाहेर पडेपर्यंत त्याचा बेत झाला होता. डोळे खरवडून काढले असते तर कस्तुरानं विचारलं असतं. दुसऱ्या पेंटरकडून रंगवले असते तर त्या पेंटरनं ते आधी डोळे भरून बघितले असते. स्टिकरचं मात्र कोणी काही विचारणार नव्हतं. आणि ते घरी, आपल्या हातानं लावायचं. तिसरा माणूस नको.

पुढच्या खेपेला सरकी घेऊन तो हैदराबादला गेला तेव्हा जाताना डोळे पुढं होते. रस्ताभर समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर आपल्या बायकोकडे बघतोय असं त्याला वाटत राहिलं. ढाब्यावर गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी केली होती, ती त्यानं काढून भिंतीकडे तोंड करून लावली, आणि मग स्वतःलाच हसला, पण गाडी वळवली नाही. तीन वर्षांत ही बाई घाट चढली होती, पोलीसचौक्यांवर उभी राहिली होती, पावसात चिखलानं भरली होती, आणि आपण तिच्याशेजारी बसून बिड्या ओढत होतो. अफजलगंजच्या मागच्या गल्लीत स्टिकरचं दुकान सापडलं. निळा कागद, प्लॅस्टिकचा, मागं गोंद आणि गोंदावर पांढरा मेणकागद. दुकानदार म्हातारा होता, त्याला शिकवायची हौस होती. साबणाचं पाणी मारायचं, कागद ठेवायचा, लाकडाच्या पट्टीला कापड गुंडाळून मधून कडेला पाणी रेटत न्यायचं, फुगा राहिला तर सुई टोचायची. "मगर पैले पुराना रंग घिस डालो भाई," तो म्हणाला. "घोटके चिकना करो. नीचू एक दाना बी रया तो उप्पर दिखता. ये कागज कुच छुपाता नै." बन्सीधरनं मान हलवली आणि गुंडाळी काखेत मारली.

जानेवारी उजाडला तेव्हा गाव ताणलेलं होतं. विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल आता लागणार, संक्रांतीच्या मागंपुढं लागणार, असं सगळे म्हणत होते. लोक दबक्या आवाजात बोलत होते, दुकानं अर्धी फळी लावून उघडी असत. ट्रकवाल्यांनी गाड्या काढायच्या नाहीत असं ठरवलं, कोण कुठं अडवील याचा नेम नव्हता. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसासमोर चहाला गर्दी व्हायची. तिथं एकदा दिनकररावांनी, ज्यांच्या चार गाड्या होत्या आणि ज्यांच्या शब्दाला चार माणसं माना डोलवायची, सगळ्यांपुढं त्याला विचारलं, "बन्सी, तुझी गाडी त्या सिताराम पेंटरनंच रंगवलेली ना? लय भिंती रंगवायलाय म्हनं आजकाल." त्यांच्या स्वरात काय होतं ते त्या आठवड्यात परभणीत कोणालाही कळलं असतं. बन्सीधरच्या जिभेवर एक वाक्य आलं. बायकोचे डोळे काढलेत माझ्या, एवढं चार शब्दांचं वाक्य. ते त्यानं नुसतं सोडायचं होतं; पुढचं बाकीच्यांनी केलं असतं, स्टेशनजवळच्या त्या एवढ्याशा दुकानाचं काय झालं असतं ते सांगायलाही नको. त्याला ते दिसलं, आणि दिसल्यावर क्षणभर, खरं सांगायचं तर क्षणभराहून जास्तच, गोड वाटलं. "न्हाई ओ," तो म्हणाला, "नांदेडला रंगवली." चहा संपवून तो चालत घरी आला. आपण सितारामला वाचवलं असं त्याला वाटून घ्यायचं होतं. पण वाचवलं होतं ते आपलंच तोंड. ते वाक्य बोललं असतं तर चहाला आलेला सगळा जमाव गाडीसमोर जाऊन कस्तुराचे डोळे बघत उभा राहिला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं अंगणात गाडी धुवायला काढली. पोरगी बोरीला आजोळी गेली होती, घरात दोघंच. सोड्याच्या पाण्यानं धुतली, मग रॉकेलच्या बोळ्यानं पुसली. दारं, पाट्या, मडगार्ड, सगळीकडं पॉलिशपेपर घासला. दोन दिवस घासत होता. लाल, पिवळी भुकटी अंगणभर, अंगाखांद्यावर, भाकरीत. वेली गेल्या, कमळं गेली, 'फिर मिलेंगे' गेलं, त्यातल्या र ची शेपटी त्यानं जास्तीचा जोर लावून घासली. तिसऱ्या दिवशी तोंडाकडे आला. कपाळ घासायला घेतलं तर पेपर तेलकट होऊन गच्च व्हायला लागला. दर दसऱ्याला कस्तुरा गाडीची पूजा करायची, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध तेलाचं बोट लावून त्यावर हळदकुंकू. अमावास्येला बन्सीधर स्वतः लिंबू फोडून तिथंच पिळायचा. ते सगळं रंगात मुरलं होतं. त्यानं रॉकेल मारलं, जमेल तेवढं काढलं आणि डोळ्याकडे वळला. पेपर हातात घेऊन, दुमडून, त्यानं क्लीनरच्या बाजूच्या डोळ्यावर ठेवला. आणि हात हलेना. सालं हे काय आहे, तो मनात म्हणाला, पत्रा आहे, पत्र्यावर रंग आहे. पण पेपर खरखरीत होता आणि खाली डोळा होता, उघडा, त्याच्याकडे बघणारा. त्यानं पापणीच्या कडेला जरासा घासून पाहिला आणि त्याच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी आलं, भुकटीनंही असेल. मग त्यानं पेपर खाली टाकला. वरून कागद तर लागणारच आहे, दोन डोळ्यांनी असा काय फरक पडतो, असं ठरवून त्यानं ते तसेच ठेवले.

कागद लावायला मात्र एकट्याचे दोन हात पुरेनात. मेणकागद सोडवला की चिकट बाजू वाऱ्यानं वळायची आणि आपल्याआपल्यालाच चिकटायची. पहिला तुकडा असाच गेला, चुरगळून गोळा झाला. तेव्हा कस्तुरा ओट्यावरून उठून आली, पदर खोचला आणि दुसरं टोक धरलं. दोघांनी दारं केली. ती साबणाचं पाणी शिंपडायची, तो पट्टी रेटायचा. ती म्हणायची, "हितं फुगलंय," तो सुई टोचायचा. तिची बोटं शिवणकामाची, तिला ताण कळायचा, कुठं ओढायचं आणि कुठं सैल सोडायचं. बन्सीधरनं केलेल्या दारावर सुरकुत्या होत्या, तिनं धरलेल्या दारावर कमी. दोघं इतका वेळ एका कामात, एका कागदाच्या दोन टोकांना, अकरा वर्षांत कधी नव्हते. त्याला बरं वाटायला लागलं होतं. मग तोंडाचा तुकडा कापून दोघं समोर आले, आणि कस्तुरानं हातातलं टोक धरूनच विचारलं, "डोळेबी झाकायचे?"

"मंग?"

"न्हाई, आपलं विचारलं. दाराचं ठीक हाय. डोळे ऱ्हाऊ दिले असते."

"कशाला?"

तिनं कागदाची कड सारखी केली. निळ्या कागदावरून तिच्या तोंडावर निळं पडलं होतं. बन्सीधर तिच्याकडे बघत नव्हता, पण बघितलं नाही तरी त्याला वाटलं की ती डोळ्यांकडे बघतेय. कोणासाठी बघतेय? ज्यानं काढले त्याच्यासाठी? तिला ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर तीन वर्षं हे दोघांत, तिच्यात आणि त्या पेंटरमध्ये, एक न बोललेली गोष्ट म्हणून होतं, आणि आपण रोज सकाळी फडकं घेऊन त्या गोष्टीला चमकवत होतो. बरं वाटत होतं ते सगळं एका दमात नासलं. "डोळ्यानं कुठं चालती गाडी," तो म्हणाला, "धर नीट." तिनं नीट धरला. त्यानं वरून खाली पट्टी ओढली, आणि डोळे गेले. आधी पापण्या, मग बाहुल्या, मग तीळ. निळं, सपाट, ओलं. त्याच्या छातीतून मोठा श्वास सुटला आणि तो तिनं ऐकला असावा, कारण ती टोक सोडून आत निघून गेली.

संक्रांतीच्या सकाळी ऊन तिरपं आलं. कागद रात्रीतून वाळून ताणला गेला होता आणि बन्सीधर चहाचा कप घेऊन गाडी बघायला म्हणून समोर आला. दारं झकास दिसत होती. तोंडावर मात्र डोळे होते. रंग नव्हता, काळं-पांढरं काही नव्हतं, पण ऑइलपेंटचे थर होते, सितारामनं एकावर एक चढवलेले, आणि त्यांच्या कडा कागदातून वर आल्या होत्या. पापणी, पापणीची घडी, खाली उतरलेला कोपरा. निळ्यात निळे. मिटल्यासारखे दिसत होते, पण मिटलेले नव्हते, पांघरुणाखालून बघत होते. कपाळावर, जिथं तेल मुरलं होतं तिथं, कागदानं पत्रा सोडला होता आणि एक मोठा फुगा धरला होता. दुकानदाराचं बोलणं त्याला आठवलं. ओरबाडून काढावा सगळा, पत्र्यापर्यंत घासावं, आज, आत्ता, सण असला तर असला, असं मनात येतंय तोवर कस्तुरा ताट घेऊन बाहेर आली. नवी साडी, सुगडांची पूजा झालेली. सणाला उंबऱ्याला, जात्याला, गाडीला बोट लावायची तिची रीत होती. ती गाडीसमोर आली, थबकली, डोळ्यांकडे बघितलं, आणि तिच्या तोंडावर हसू आलं. ते त्यानं ओळखलं. दर दसऱ्याला ती इथं उभी राहून असंच, खाली मान घालून, हसायची. त्याला वाटायचं सणाचं हसते. तिनं बोट बुडवलं आणि न चाचपता, न शोधता, बरोबर दोन्ही डोळ्यांच्या मधोमध, फुग्यावर टेकवलं. स्वतःच्या कपाळाला लावावं तसं.

"तुला ठाऊक होतं," बन्सीधर म्हणाला.

"काय?"

"डोळे कुनाचे हायेत ते."

तिचं बोट तिथंच होतं. "पयल्या दिवशीच कळलं. मला आरशात बगितल्यावानी झालं," ती म्हणाली. "लय भ्याले हुते. म्हनलं, तुमी आता काय म्हनताव."

"मंग बोलली न्हाईस तीन वर्सं?"

"काय बोलायचं? तुमी काय म्हनलाच न्हाईत. दुसऱ्या दिवशी फडकं घेतलं आन् पुसाय लागलाव. म्हनलं, म्हंजी यायनीच काढायला सांगितलेत."  ताटातलं कुंकू तिनं बोटानं एका बाजूला सारलं. "किती हळू पुसायचाव रोज. दारं कशी खसाखसा, आन् हितं आलं की हळू. मी आतून बगायची. चुलतेबी म्हनले परवा, पोरीला न्यायला आले तवा, जावयाची हौस लय हाय. मला तर..." मग तिनं त्याच्याकडे वळून बघितलं, आणि बघताबघता तिला कळलं. बन्सीधरला ते कळताना दिसलं. जड पापण्या, उतरलेल्या कडा, खाली तीळ; आणि त्यातून काहीतरी, जे तीन वर्षं रोज सकाळी तिथं येऊन बसत असेल, उठून गेलं.

"तुमाला ठाऊकच नव्हतं," ती म्हणाली. आवाज चढला नाही की पडला नाही. "कधी कळलं? चुलत्यानं सांगितल्यावर?"

त्यानं काहीतरी बोलायला हवं होतं. डोळ्यापाशी फडकं हळू चालायचं ते खरंच होतं, पण ते कशामुळं? रंग उडू नये म्हणून, दुसरं काय. खोटं बोलता आलं असतं आणि कस्तुरानं ते कदाचित घेतलंही असतं. तिला हवंच होतं. पण त्याच्या तोंडून निघालं ते, "त्या सितारामला काय गरज हुती तुझ्याकडं बगायची?"

"त्यानं बगितलं," कस्तुरा म्हणाली. "कुनीतरी बगितलं." तिनं ताटातला तिळगुळाचा एक लाडू बंपरवर ठेवला, त्याच्या हातात न देता, आणि ताट घेऊन घरात गेली. दार लावलं नाही. तिच्या बांगड्या आत कुठंतरी ठेवाठेवी करत राहिल्या.

गाड्या बंद होत्या ते सगळे दिवस गाडी तिथंच उभी होती. संक्रांतीच्याच दिवशी विद्यापीठाच्या नावाची बातमी आली. स्टेशनच्या बाजूनं बराच वेळ फटाके वाजत होते आणि बन्सीधरला वाटलं, सिताराम आता भिंतीवरचं जुनं वाक्य पांढऱ्या रंगानं पुसत असेल, नवं लिहीत असेल, तीच शेपटी ओढून. त्याला राग यावा म्हणून त्यानं वाट बघितली. आला, पण पूर्वीसारखा भरून आला नाही. सितारामचा हेवा करायचा तर कशाचा, हे आता त्याला नीट ठाऊक झालं होतं आणि ते सितारामकडून काढून घेण्यासारखं नव्हतं. कस्तुरा बोलत होती, जेवायला वाढत होती, पोरगी कधी आणायची ते विचारत होती. बोलताना ती ताटाकडे बघायची. पूर्वीही ताटाकडेच बघायची का, हे त्याला सांगता आलं नसतं.

गाड्या सुरू व्हायच्या दिवशी सकाळी त्यानं सवयीनं फडकं ओलं केलं. दारं पुसली, खसाखसा. मग तोंडाशी आला आणि त्याचा हात आपोआप हळू झाला. त्यानं हाताकडे बघितलं. फुग्यावरचं कुंकू वाळून तडकलं होतं, ते त्यानं पुसलं नाही. क्लीनरच्या बाजूच्या डोळ्यावरून फडकं फिरवलं, मग फडकं खांद्यावर टाकून नुसतं बोट फिरवलं. पापणीची कड बोटाला लागली, घडी लागली. खाली त्यानं तीळ शोधला. तिथं एक दाणा लागला, त्याच्या शेजारी दुसरा, खाली आणखी दोन. अंगणातली धूळ होती, घाईघाईत लावताना कागदाखाली अडकलेली. चारांतला तीळ कोणता ते बोटाला कळेना. त्यानं पुन्हा पहिल्यापासून चाचपलं. आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, म्हणजे कस्तुरा तिथं, दारापासून चार पावलांवर, बसलेली होती. जाऊन बघता आलं असतं. तो पुढचा दाणा चाचपायला लागला.